मांजराने अचानक खाणं-पिणं सोडलं तर? नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

मांजराने ताटलीला तोंड लावलं नाही की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘रुसलंय, भूक लागली की येईल झक मारत.’ दुसरा तेवढ्यात मोबाइल उघडून नको नको ते वाचून घाबरून बसतो. ही उत्तरं दोघांसाठी आहेत. मी पशुवैद्य नाही. घरात मांजरं आहेत आणि ओळखीपाळखीतले लोक हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलं. औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत. ते डॉक्टरांनी वजन बघून ठरवायचे असतात.

किती वेळ वाट पाहायची?

मोठं, एरवी धडधाकट मांजर असेल आणि त्याने २४ तास काहीच खाल्लं नसेल, तर डॉक्टरांकडे न्यायचं. खाणं आणि पाणी दोन्ही एकदम बंद झालं असेल तर २४ तासही थांबू नका, त्याच दिवशी न्या. पिल्लू असेल तर हिशेब आणखी कडक आहे. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाने दोन वेळचं लागोपाठ चुकवलं, तरी ते थंड पडायला आणि त्याच्या रक्तातली साखर उतरायला वेळ लागत नाही.

तास मोजायचे ते मांजराने शेवटचं खरोखर खाल्लं तेव्हापासून, तुमच्या लक्षात आलं तेव्हापासून नाही. पाऊचमधला रस्सा दोनदा चाटला म्हणजे जेवण झालं, असंही धरू नका. ‘थोडंसं खाल्लं की हो’ या वाक्यावर किती मांजरांचे दोन-दोन दिवस वाया जातात, हे मी पाहिलंय.

कुत्रा दोन दिवस उपाशी राहिला तरी काही होत नाही. मग मांजराचीच एवढी घाई का?

कारण मांजराचं यकृत उपास सोसत नाही. अन्न बंद झालं की शरीर साठवलेली चरबी मोडून यकृताकडे पाठवतं. माणसाचं किंवा कुत्र्याचं यकृत ती बऱ्यापैकी निपटतं. मांजराचं यकृत मात्र त्या चरबीने भरत जातं आणि काम करेनासं होतं. डॉक्टर याला फॅटी लिव्हर किंवा हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. काही मांजरांत दोन-तीन दिवसांच्या उपासातच याची सुरुवात होते. मग हिरड्या आणि कानाची आतली बाजू पिवळी दिसू लागते, मळमळ वाढते आणि मांजर आणखीनच खाईनासं होतं. म्हणजे मूळ दुखणं साधं असलं तरी उपासच नवा आजार होऊन बसतो.

सर्वांत जास्त धोका लठ्ठ मांजरांना. ‘आमचा बोका सात किलोचा आहे, दोन दिवस नाही खाल्लं तर उलट बरंच’ हा विनोद कृपा करून करू नका.

पाणी पीत नाही हे ओळखायचं कसं? आमचं मांजर तसंही फारसं पाणी पिताना दिसत नाही.

हा प्रश्न बरोबर आहे, कारण पुष्कळ मांजरं खरंच कमी पाणी पितात आणि तरी ठणठणीत असतात. त्यांचे पूर्वज वाळवंटी भागातले. शिकारीच्या मांसातूनच बरंचसं पाणी मिळवायची सवय त्यांच्या रक्तात आहे. मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिली पाणी लागतं, पण त्यात अन्नातलं पाणीही धरलेलं असतं. चार किलोच्या मांजराला २०० मिली. ओल्या पाऊचमध्ये पाऊण भागाहून जास्त पाणीच असतं, तर कोरड्या दाण्यांमध्ये जेमतेम दहा टक्के. म्हणून पाऊच किंवा उकडलेलं चिकन खाणारं मांजर भांड्याकडे फिरकलं नाही तरी चालून जातं. दाणे खाणारं मांजर पाणी प्यायलं नाही तर नाही चालत.

यातच खरी मेख आहे. ओलं खाणाऱ्या मांजराने जेवण सोडलं, की त्याचं पाणीही त्याच क्षणी बंद होतं. तुम्हाला वाटतं, ‘पाणी तर ते कधीच पीत नव्हतं, त्यात नवीन काय?’ नवीन हे, की आता त्याला कुठूनच पाणी मिळत नाहीये.

मोजायचं असेल तर सकाळी मापाने पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा बरंच पाणी नुसतं उडून जातं. त्यामुळे तसंच दुसरं भांडं मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि त्यातली घट वजा करा. याहून सोपा पुरावा म्हणजे लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू. लघवीचे गोळे रोजच्यापेक्षा कमी किंवा लहान झाले, तर शरीरात पाणी कमी पडतंय किंवा लघवी अडकतेय.

पाण्याच्या भांड्यापाशी जाऊन बसतं, मान खाली घालतं, पण पीत नाही. हे काय?

तहान आहे, पण मळमळीमुळे किंवा तोंड-घसा दुखत असल्यामुळे पिता येत नाही. लस न झालेलं पिल्लू असं बसत असेल, सोबत उलट्या, जुलाब, ताप किंवा अंग गार पडणं असेल, तर पॅनल्यूकोपेनियाचा संशय धरा. दवाखान्यात याला कॅट पार्वो किंवा एफपीव्ही म्हणतात. यात पिल्लं एक-दोन दिवसांत हाताबाहेर जातात, म्हणून सकाळची वाट पाहू नका. घरात दुसरी मांजरं असतील तर त्यांना लगेच वेगळं करा. हा विषाणू फरशीवर, भांड्यांवर, कपड्यांवर वर्षभरही टिकू शकतो आणि साध्या साबणाने मरत नाही. त्याला पाण्यात मिसळलेलं ब्लीच लागतं. हा आजार आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणूजन्य आजार, अशा तिन्हींची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस देतात. पहिला डोस देऊन विसरून जाणारेच जास्त.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी काय तपासू?

हिरडीवर बोट टेकवा. ती ओलसर आणि गुलाबी हवी. चिकट लागली तर पाणी कमी झालंय. पांढरी, पिवळी, निळसर किंवा तपकिरी दिसली तर तपासणी तिथेच थांबवा आणि निघा. खांद्यामागची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच जागेवर बसायला हवी. म्हाताऱ्या मांजराची कातडी तशीही सैल असते, त्यामुळे तिथे फक्त या खुणेवर विसंबू नका. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आला असेल तर मांजराला बरं नाही, एवढं नक्की.

झोपलेलं असताना मिनिटाला श्वास मोजा. तीसच्या आत हवेत. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर खाण्यापिण्याचा प्रश्न बाजूला ठेवा, ती तातडीची वेळ आहे. थर्मामीटर लावायची सवय असेल तर १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं तापमान. सवय नसेल तर आज शिकू नका, ओरखडे निघतील.

तोंड उघडू दिलं तर जीभ उचलून खाली बघा. व्रण, लाल हिरड्या, अडकलेलं हाड किंवा दोरा दिसू शकतो. दोरा दिसला तर ओढायचा नाही. संक्रांतीनंतर मांजाचे तुकडे गच्चीवर, झाडांवर, गॅलरीत महिनाभर लोंबत असतात. येवल्यात तर पतंगांचा उत्सवच तीन दिवसांचा. मांजर त्याच्याशी खेळता खेळता गिळतं. एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं आणि दुसरं आतड्यात उतरतं. ओढलात की आतडं चिरतं. शिवणाच्या डब्यातला दोरा आणि राखीचा रेशमी धागा यांचीही हीच गत.

बोका सारखा लिटरमध्ये जाऊन बसतो, ओरडतो, आणि जेवणही सोडलंय. बद्धकोष्ठ असेल का?

असू शकेल, पण आधी लघवी तुंबली असं धरूनच चाला. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. खडे किंवा चिकट पदार्थ अडकून ती बंद झाली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय थांबू शकतं. दोन-तीन दिवसांत जीव जातो, कधी त्याहून लवकर. ‘सकाळी बघू’ म्हणायची सोय इथे नाही. पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, मूत्राशय फुटू शकतं.

कारणं तरी कोणती असतात?

यादी लांब आहे. दाताचं दुखणं, हिरड्यांची सूज, मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, पिसवांमधून पसरणारे रक्तातले जंतू, पोटात अडकलेली वस्तू, ताप. सर्दीने नाक बंद झालं तरी मांजर खात नाही, कारण त्याचं जेवण नाकापासून सुरू होतं. वास आला नाही तर समोर बांगडा ठेवला तरी त्याला पत्ता नसतो. म्हातारं मांजर आधी काही महिने खूप पाणी पीत असेल, वजन उतरत असेल आणि आता एकदम सगळं बंद झालं असेल, तर मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा मधुमेह हे आधी तपासून घ्यावं लागतं.

पण मला जास्त बोलायचंय ते आपल्या घरातल्या कारणांबद्दल. डॉक्टर विचारतात तेव्हा लोक ‘काहीच नाही, बाहेरचं काही खात नाही’ असं सांगून मोकळे होतात.

फिनाईल घ्या. सकाळी फरशी पुसली, मांजर त्यावरून चाललं, मग बसून पंजे चाटले. फिनॉल जातीची रसायनं निकामी करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फारच कमकुवत असते. जीभ आणि ओठ पोळतात, लाळ गळते, खाणं बंद. डांबर गोळ्या आणि कापूरही याच पंगतीत बसवा. फरशी साध्या पाण्याने पुसा, नाहीतर पूर्ण वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग कांदा. लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे कांद्याशिवाय नाशिकचा रस्सा होत नाही, आणि तोच रस्सा भातावर घालून मांजरापुढे जातो. किलोमागे ५ ग्रॅम कांदासुद्धा मांजराच्या तांबड्या पेशी फोडायला पुरतो. चार किलोच्या मांजराला हे प्रमाण २० ग्रॅम झालं, म्हणजे मध्यम कांद्याची एक मोठी फोड. शिजवल्याने विष जात नाही. लसूण आणखी वाईट. लक्षणं काही दिवसांनी दिसतात: मरगळ, फिक्या हिरड्या, गडद लघवी. तोवर कोणाला तो रस्सा आठवतही नाही.

वाढदिवसाच्या पुष्पगुच्छातल्या लिलीकडे तर कोणी संशयाने बघतच नाही. खरी लिली मांजरासाठी जीवघेणी आहे. पाकळी, पान, पराग, एवढंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. आधी उलटी आणि अन्नावरची वासना जाणं, मग एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद. मांजराने चावल्याचा नुसता संशय असला तरी लगेच न्यायचं. पहिल्या काही तासांत सलाईन सुरू झालं तर वाचण्याची आशा बरीच असते. निशिगंध ही वेगळी वनस्पती. अळू, मनीप्लँट आणि पीस लिली चावल्यावर तोंडात प्रचंड आग होते, पण मूत्रपिंडांचं तसं नुकसान होत नाही.

निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडच्या मळ्यातल्या मांजरांची गोष्ट निराळी. द्राक्षबागेत फवारणी झाली, मांजर ओल्या पानांतून फिरून आलं आणि अंग चाटलं. लाळ, थरथर, बारीक झालेल्या बाहुल्या दिसल्या तर औषधाचा डबा किंवा त्यावरच्या लेबलचा फोटो सोबत घेऊन निघा. उंदरांसाठी ठेवलेला केक, किंवा तो खाऊन मेलेला उंदीर, हेही विसरू नका. पावसाळ्यात सापही असतो. मांजर सापाशी भिडतं आणि नेहमीच जिंकत नाही.

आणि कुत्र्याचं गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणतं.

श्रावणात आमच्याकडे मांसाहार बंद असतो. तेव्हापासून मांजर उपाशीच बसतंय.

ते शाकाहारी होणार नाही. मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच पुरेसा मिळतो. तो सतत कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. दूध-पोळीवर वर्षं काढलेली मांजरं गावोगाव दिसतात हे खरं, पण ती घराबाहेर काय मारून खातात हे कोण बघतं? स्वयंपाकघरात चालत नसेल तर तयार पाऊच किंवा दाणे गॅलरीत द्या. मात्र बदल एकदम करू नका. मासे बंद होण्याच्या आठवडाभर आधीपासून नवीन खाणं थोडं थोडं मिसळत जा. नेम तुमचा आहे, त्याचा नाही.

सिरिंजने दूध किंवा साखर-पाणी पाजू का?

दूध नको. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. जुलाब होऊन आहे ते पाणीही जातं. साखरेचं म्हणाल, तर मांजराला गोड चवच कळत नाही, त्यामुळे त्या पाण्याचं त्याला काही आकर्षण नसतं. निपचित पडलेलं, उलट्या करणारं किंवा नीट गिळता न येणारं मांजर असेल तर तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जातं आणि न्युमोनिया होतो. मांजर जागं आहे, मान धरतंय, तर गालाच्या बाजूने थेंब-थेंब साधं पाणी देऊन बघा. त्याने मान फिरवली की थांबा. जबरदस्तीने भरवलेल्या अन्नाची मांजराला शिसारी बसते आणि बरं झाल्यावरही ते त्या वासाला उभं राहत नाही.

अंग गरम लागतंय. क्रोसिनचा पाव तुकडा?

नाही. पाव नाही, चिमूटभर नाही, लहान मुलांचं सिरपही नाही. पॅरासिटामॉलने मांजराचं रक्त ऑक्सिजन वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात. आधीच दिली असेल तर लपवू नका, किती आणि केव्हा दिली ते डॉक्टरांना सांगा. त्यावर उतारा आहे, पण वेळेत मिळाला तरच.

मग घरी भूक वाढवायला काहीच करता येणार नाही?

पहिल्या दिवशी, मांजर एरवी ताजंतवानं असेल तर करता येतं. फ्रिजमधलं खाणं थेट देऊ नका, कोमट करा म्हणजे वास सुटतो. चिकन नुसतं पाण्यात उकडा: कांदा-लसूण, मीठ, हळद काही नको. त्याचं कोमट पाणी वेगळ्या बशीत ठेवा. सुकटीचा वास मांजराला ओढून आणतो, पण ती खारट असते, म्हणून धुऊन आणि अगदी थोडी. पसरट बशी वापरा, मिशा कडांना घासल्या की काही मांजरं चिडतात. पाणी लिटरपासून लांब ठेवा. मातीच्या परळातलं गार पाणी उन्हाळ्यात बऱ्याच मांजरांना आवडतं. आणि भोवती चौघं जण उभे राहून ‘खा ना गं सोन्या’ करू नका. एकट्याला सोडा.

काल लस दिली, परवा नसबंदी झाली, घर बदललं, दिवाळीचे फटाके... यामुळे असू शकतं का?

असू शकतं. लसीनंतर एखादा दिवस मरगळ चालते. नसबंदीनंतर दुसऱ्या दिवशी थोडं तरी खायला हवं. गणपतीत गल्लीतून नाशिक ढोल गेला की कपाटामागे शिरलेलं मांजर रात्री उशिरा, सामसूम झाल्यावर बाहेर येऊन खातं. भाटी गाभण असेल आणि दिवस भरले असतील तर पिल्लं होण्याआधी ती जेवण सोडते. पण कारण माहीत आहे म्हणून २४ तासांचा नियम बदलत नाही. यकृताला फटाके आणि आजार यांतला फरक कळत नाही.

रात्री न्यायचं तर कुठे?

शहरात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत: गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, नाशिकरोड. पण रात्रभर उघडे आणि मांजर भरती करून घेणारे फार थोडे. म्हणून ही चौकशी मांजर ठणठणीत असतानाच करून नंबर फोनमध्ये ठेवा. निघण्याआधी फोन करा, डॉक्टर जागेवर आहेत का विचारा. द्वारका चौकातल्या कोंडीतून निघून बंद शटरसमोर पोहोचण्यात अर्थ नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणी स्वस्त असते, पण त्यांची वेळ दिवसाची. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा टोल फ्री क्रमांक मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे.

कॅरिअर नसेल तर झाकणाची प्लास्टिकची बास्केट चालेल. आत जुना टॉवेल घाला. मांजर मांडीवर धरून स्कूटरवर नेऊ नका. सोबत लसीचं कार्ड, उलटी किंवा शीचा फोटो, आणि कागदावर: शेवटचं कधी खाल्लं, कधी लघवी केली, कोणती औषधं दिली.

डॉक्टर काय करतात? लगेच सलाईन लावतील का?

आधी वजन, ताप, तोंड, पोट बघतील. मग बहुधा रक्ताची तपासणी: पेशी, यकृत, मूत्रपिंड, साखर. गरज वाटली तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी. पाणी किती कमी झालंय त्यावर सलाईन शिरेतून की कातडीखालून ते ठरतं. कातडीखाली दिल्यावर खांद्याजवळ पाण्याची पिशवी लोंबते, ती काही तासांत शोषली जाते. उलटी थांबवायचं आणि भूक वाढवायचं औषध मिळेल. नुसतं भूक वाढवायचं इंजेक्शन घेऊन तपासणी टाळणं मला पटत नाही. त्याने कारण तसंच राहतं आणि आणखी दोन दिवस जातात. खर्चाचा अंदाज सुरुवातीलाच स्पष्ट विचारा. चांगले डॉक्टर यात काही वावगं मानत नाहीत, आणि पैसे कमी असतील तर कोणती तपासणी आधी करायची ते सांगतात.

फॅटी लिव्हर झालं असेल तर नाकातून किंवा मानेतून नळी घालून अन्न द्यायचा सल्ला देतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण मांजरं ती नळी बरीच शांतपणे सोसतात. घरी आणून काही आठवडे नळीतून भरवून बरी झालेली मांजरं असतात.

खायला लागलं! आता पोटभर देऊ?

एकदम नको. तीन-चार दिवस उपाशी असलेल्या मांजराला पहिल्या दिवशी नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश एवढंच, तेही पाच-सहा वेळा विभागून द्या. अचानक भरपूर अन्न मिळालं तर रक्तातले क्षार कोसळतात. तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या मापावर आणा. आधी स्वतः वजनकाट्यावर उभे राहा, मग मांजराला घेऊन, आणि फरक लिहून ठेवा. आठवडाभर वजन घटत राहिलं किंवा पुन्हा एक पूर्ण दिवस खाणं बंद झालं, तर त्याच डॉक्टरांकडे परत, आधीचे रिपोर्ट घेऊन.